दिव्यांवरून मंदी ओळखावी का?

प्रश्न : आमच्या मालाडच्या ऑर्लेममध्ये या नाताळात घरांवर रोषणाई कमी दिसली. लोकांचे हात आखडलेत, असं समजायचं का?

उत्तर : नुसत्या झगमगाटावरून नाही. १९७३ च्या तेलटंचाईत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनीच नाताळची रोषणाई टाळायला सांगितलं होतं. तेव्हा अंधार म्हणजे टंचाई, हे खरं होतं. एलईडीने ते गणित मोडलं. जुन्या बारीक बल्बच्या, ४० वॉटच्या दहा माळा रोज सहा तास, वीस दिवस लावल्या तर ४८ युनिट जळतात. पाच वॉटच्या दहा एलईडी माळांना सहाच! बिलाला कोण घाबरतो?

हात आखडल्याची खूण पाहायची तर माळेत पाहा. लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, नवी न आणता गेल्या वर्षीचीच टांगली असेल, तर बऱ्याचदा मधला तुकडा विझलेला असतो. दिवे गटागटाने सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक असे एकाच तारेवर, जोडलेले असतात. एकाचा पाय तुटला की तेवढा गट जातो. त्यात खाऱ्या हवेने तांब्याचे जोड हिरवे पडतात. प्लग काढून त्या गटातला प्रत्येक जोड हलवून बघा, सुटलेला घासून सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवा. इन्सुलेशन तडकलं असेल तर मात्र माळ फेकाच.

आणि अख्खी इमारतच अंधारात असेल, तर ती पुनर्विकासासाठी रिकामी झाली नाही ना, हे आधी विचारा.