गालावरच्या नांग्या

प्रश्न : दादा, मी आष्ट्याचा, वय २२. हनुवटीला आणि मिशीला केस दाट आहेत पण दोन्ही गालांवर मधे मधे मोकळंच, उसात नांग्या पडल्यात तसं. मित्र म्हणतात रोज वस्तरा फिरव, कांद्याचा रस चोळ. ग्रोथ ऑइलच्या दोन बाटल्या संपल्या, काय फरक नाही. चार महिन्यांनी चुलतभावाचं लग्न आहे, तोवर दाढी भरंल का?

उत्तर : उपमा तूच दिलीस भावा, मग उसातच बोलू. उसात नांग्या पडल्या की आपण रोपं आणून लावतो, गालावर तसं करता येत नाही, केसांची मुळं आईच्या पोटातच ठरून येतात. (ट्रान्सप्लांट असतं, पण २२ व्या वर्षी त्याचा विषयच काढू नको.) पण मोकळी दिसते ती जागा खरंच मोकळी असते असं नाही. दिवसाउजेडी आरशाला नाक लावून बघ, बारीक लव दिसंल. त्या लवेचा जाड काळा केस करायचं काम डीएचटी नावाचं हार्मोन करतं आणि ते बऱ्याच जणांचं पंचविशी-तिशीपर्यंत चालू असतं. हार्मोन बहुतेकांच्या अंगात पुरेसं असतंच, मुळं त्याला किती दाद देतात ते घराण्यावर, म्हणून तेलाच्या बाटल्यांपेक्षा वडलांचे आणि मामाचे तिशीतले फोटो काढून बघ, जास्त कळंल.

आता वस्तरा. ही समजूत कुठनं आली ते मला वाटतं आपल्या भागात तरी उसावरनंच आली असणार. ऊस तोडला की खोडवा फुटतो, कारण जमिनीखालच्या डोळ्यांतनं फुटवे येतात. केसाला कुठले डोळे, वरचा शेंडा कापलेला मुळाला कळत पण नाही. केस टोकाला निमुळता असतो, कापला की बोथट होतो, म्हणून खुंट हाताला राठ लागतात, बास एवढंच. १९२८ सालीच हे प्रयोग करून तपासून झालंय तरी आपल्याकडं अजून चालूच. कांद्याच्या रसानं गाल भाजतो आणि वास जात नाही. एरंडेल, खोबरेल लावलं तर केस मऊ राहतात, चमकतात, नवीन उगवत नाहीत.

मिनॉक्सिडिलचं विचारशीलच म्हणून सांगतो. मुळात बीपीची गोळी, त्यात अंगावर केस वाढायला लागले म्हणून पुढं डोक्याला लावायचं औषध झालं. दाढीवर काही जणांना फरक पडतो, पण निदान तीन-चार महिने रोज लावावं लागतं, कातडी कोरडी पडते, खाज येते, एखाद्याला धडधड होते. दाढीसाठी म्हणून ते मंजूर नाही, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलमधनं आणू नको. आणि घरात मांजर असंल तर अजिबात नको, मांजराला ते विष आहे, गाल चाटला तरी.

मग लग्नापर्यंत काय करायचं तर सहा ते आठ आठवडे हात लावायचा नाही. दाढी महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढते आणि नांगी झाकते ती शेजारच्या लांब केसांनी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खाज सुटंल, भिकाऱ्यासारखा दिसतोस असं घरातले म्हणतील, बहुतेक जण इथंच माघार घेतात. साध्या फेसवॉशनं धू, दोन थेंब खोबरेल लाव आणि रोज दाट बाजूकडनं मोकळ्या जागेवर कंगवा फिरव. मग सलूनमध्ये जा पण "कोरून द्या" म्हणू नको! गालाची रेघ कोरत खाली आणली की आहे ती दाढी पण जाते आणि नांगी उठून दिसते. कल्ल्यापासनं गालापर्यंत चार-पाच एमएमचं मशीन, हनुवटीला दहा-बारा ठेवायचं, मानेवर घाटीच्या (गळ्याचा उंचवटा) दोन बोटं वर रेघ आणि त्याखालचं साफ.

एवढं करूनही गाल उघडाच दिसला तर? मी स्वतः सव्वीसाव्या वर्षापर्यंत झगडलो, शेवटी राजवाड्याजवळचा आमचा सलूनवाला वैतागून म्हणाला, ओ, गालाचा नाद सोडा, हनुवटी आणि मिशी जोडून ठेवा. तशीच ठेवली, अजून तशीच आहे.

प्रश्न : माझी दाढी चांगली भरलेली होती, महिन्याभरापूर्वी जबड्याखाली रुपयाएवढी गोल जागा एकदम गुळगुळीत झाली. केस कीड लागली म्हणतात, खरं का? (कोरेगाव, जि. सातारा)

उत्तर : कीडबीड काही नाही, लक्षणं चाईची वाटतात. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. ती एकाचं दुसऱ्याला लागत नाही, पुष्कळदा केस आपोआप परत येतात, कधी आधी पांढरे येतात, घाबरायचं नाही. लसूण घासून फोड आणू नका. जागा वाढत असेल किंवा डोक्यातही पडत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडं जा, त्या जागेत इंजेक्शन देतात. पण कातडी लाल, खवले धरलेली, खाजणारी, पू येणारी असेल तर मात्र बुरशी असू शकते, ती लागते, मग टॉवेल वेगळा ठेवा, सलूनवाल्याला आधीच सांगा आणि मेडिकलमधली स्टेरॉइडची ट्यूब मनानं लावू नका, बुरशी दबल्यासारखी वाटते आणि आतनं पसरते.