पाणी कमी पडून नव्हे, साचून मेली असतील

तुमची पोस्ट वाचली. लातूरचं उघडं अंगण, दिवसभर ऊन, अख्खा मे महिना तगलेली सदाफुली, अडेनियम आणि लँटाना जुलैत एकेक करून माना टाकायला लागली, आणि तुमचा प्रश्न, ‘पाणी वाढवू का?’ अजिबात नको. फोटोत वाफ्यावर पांढरे गोटे दिसतायत. एका कोपऱ्यातले बाजूला सारून बघा. खाली काळं प्लास्टिक निघालं, तर आमच्याकडचंच दुखणं तुमच्याकडे आहे.

सोलापूरला आमची बाग एका ठेकेदाराने करून दिली. काळ्या मातीवर सरसकट प्लास्टिक, त्यात झाडापुरती भोकं, वर गोटे. ‘तण येणार नाही, पाणी वाचेल,’ म्हणाला. उन्हाळ्यात खरंही वाटलं. पण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग तिच्यातून पाणी खाली उतरता उतरत नाही. वरून प्लास्टिक, म्हणजे ओल उडून जायलाही वाट नाही. पावसाचं पाणी भोकातून थेट मुळाशी जातं आणि तिथेच बसतं. मुळांना हवा मिळत नाही, मग कूज लागते. पानं मात्र तहानल्यासारखीच सुकतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. मेलेली सदाफुली उपटून मुळाची साल चिमटीत ओढा. मोज्यासारखी निघून आली आणि आंबूस वास आला, तर मूळकुजच.

ठेकेदाराला बोलावलं तर म्हणे, ‘ऊन लागलंय, रोज पाणी द्या.’ भर पावसात! ठिबकचा टायमरही त्यानेच लावलेला, दोन्ही वेळचा. वर ‘झाडांची गॅरंटी नसते’ म्हणून नव्या रोपांचं वेगळं बिल. असो, रक्तदाब वाढतो.

प्लास्टिक काढाच. गोटे भिंतीकडेला टाका; उन्हात तापून ते बुंध्याला भाजतात. वाफा जमिनीपासून फूटभर उंच करा आणि मातीत मुरूम भरपूर मिसळा. नुसती रेती ओतून काळी माती सुधारत नाही, कोणी काहीही सांगो. आच्छादन हवंच तर उसाचं पाचट घाला, बुंध्यापासून चार बोटं लांब.

झाडांबद्दल माझं मत जरा एककल्ली आहे, पण सांगते. अडेनियम काळ्या जमिनीत लावूच नये, त्याची जागा कुंडीत. बोगनवेल, पिवळा टेकोमा, शंकासुर, कोरांटी ही खरी कामाची. बोगनवेलीला लाड नको. खत-पाणी जास्त झालं की नुसता पाला. आणि तरवड कोणी का लावत नाही कळत नाही! माळावर कोणी पाणी घालत नसताना पिवळाधमक फुलतो. रोप मिळालं नाही तर बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून थेट जागेवर टोचा, कारण त्याचं मूळ खोल जातं आणि उपटून लावलेलं आवडत नाही. कण्हेर हायवेच्या दुभाजकावर फुलते तशी तुमच्याकडेही फुलेल, पण सगळं झाड विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर माझ्याकडून नकोच.

एक मात्र आहे, कमी पाण्याचं झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून बिनपाण्याचं नव्हे. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा, बोटभर खाली माती कोरडी असेल तरच, पण भरपूर द्या. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरवरच राहतात.

मी कृषी पदवीधर नाही, हे सगळं आमच्याकडच्या काळ्या मातीपुरतं. लाल किंवा मुरमाड जमीन असेल तर अर्ध्या गोष्टी सोडून द्या. आत्ता पावसाचा जोर आहे तोवर नवीन काही लावू नका. अडेनियम उरलं असेल तर बुंधा दाबून बघा. कडक असेल तर उपटा, सडलेली मुळं स्वच्छ सुरीने कापा, आठवडाभर सावलीत सुकू द्या आणि मगच कोरड्या, भरड मिश्रणात लावा. बुंधा पिलपिलीत लागला तर मऊ भाग पांढऱ्या, कडक गरापर्यंत कापून बघा. गर थेट वरपर्यंत तपकिरी असेल तर पुढे खटपट नको.