बॅकयार्डमधला फायर पिट: सिटी हो म्हणते, शेजारी नाही म्हणतो

तुम्ही विचारलंय की घर डोंगराच्या कडेला आहे, सिटीच्या ऑफिसात सांगितलं फायर पिट (अंगणात शेकोटी पेटवायची जागा किंवा भांडं) चालतो आणि शेजारी म्हणतो बंदी आहे, मग खरं कोणाचं. दोघांचंही खरं असू शकतं. अमेरिकेत त्या एका पिटवर तीन-चार जणांचा हुकूम चालतो आणि त्यातला सगळ्यात कडक असेल तो पाळायचा.

सिटीवाले सांगतात तो फायर कोड, म्हणजे बाराही महिन्यांचा नियम. बऱ्याच ठिकाणी तो इंटरनॅशनल फायर कोड नावाच्या नमुना नियमावलीवर बेतलेला असतो. त्यात उघड्यावरची छोटी शेकोटी घरापासून आणि जळू शकेल अशा कुठल्याही वस्तूपासून २५ फूट लांब पाहिजे, लाकडाची रास ३ फूट रुंद आणि २ फूट उंच याच्या आत, विझेपर्यंत कोणीतरी तिथेच आणि हाताशी पाण्याचा पाइप, वाळू नाहीतर एक्स्टिंग्विशर. लोक घराच्या भिंतीपासून टेप लावतात आणि लाकडी कुंपण, डेक, वर आलेली फांदी मोजतच नाहीत! चारी बाजूंनी २५ फूट मोजून बघा, बहुतेकांचा विषय तिथंच संपतो. विकत मिळणाऱ्या पोर्टेबल पिटला १५ फूट आहे, आणि एक-दोन कुटुंबांच्या घरांना त्यातूनही सूट आहे, पण वणव्याच्या पट्ट्यात लोकल नियम त्याहून कडक असू शकतो, तेव्हा त्या सवलतीवर विसंबू नका.

शेजारी बहुधा सीझनच्या बंदीबद्दल बोलतोय. गवत वाळलं की काउंटी (म्हणजे जिल्हा) किंवा फायर डिपार्टमेंट बर्न बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, लावतं, आणि हवा कोरडी, वारा जोरात असला की वेदर सर्व्हिस रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा, देते, त्या दिवशी लाकूड पेटवायचंच नाही, नियमात बसत असलं तरी. व्हाल्व फिरवला की बंद होणाऱ्या गॅसच्या पिटला बॅनमध्ये अनेकदा सूट मिळते, म्हणून अशा भागात मी तरी गॅसचाच घ्या म्हणेन. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियासारख्या ठिकाणी हवा खराब असली की एअर डिस्ट्रिक्ट, म्हणजे हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, वेगळी बंदी घालतं. आणि एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर त्यांचं नियमांचं बाड वाचा, कंटाळवाणं असतं पण वाचा.

विझवणं हलक्यात घेऊ नका. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर १९ ऑक्टोबरला गवताची आग लागली, ती आटोक्यात आली असं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्याने तीच पुन्हा भडकली, २५ माणसं गेली. तिथे विझवणारे फायर ब्रिगेडचे लोक होते, आपण तर नुसती वर माती लोटून झोपायला जातो आणि खाली निखारा तसाच धगधगत राहतो. पाणी ओता, काठीने राख ढवळा, परत ओता, मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन बघा, ऊब लागली तर अजून पाणी.

आता फायर स्टेशनच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करा, पत्ता सांगा आणि "पिट चालतो का" असं मोघम न विचारता लाकडाचा की गॅसचा, अंतर किती, परमिट लागतं का आणि आज बॅन आहे का हे सगळं एकदमच विचारा.