खोली आधी की शनिवार?

प्रश्न, थोडक्यात: मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, वय ४१. यजमान ४४ वर्षांचे, पाच एकर वावर, कापूस आणि तूर. मुलगा अकरावीला, अमरावतीत होस्टेलवर. पंचेचाळीस किलोमीटरवरच्या बालगृहातली ११ वर्षांची मुलगी दिवाळीत आमच्याकडे राहून गेली. आता महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार तिला आणायला बाल कल्याण समितीने लेखी मंजुरी दिली आहे. चार लोकांनी तिला पाहावं, कोणाला तरी ती आपली वाटावी, हा हेतू. कोणी पुढे आलंच नाही तर आम्ही आहोतच. तिच्यासाठी माडीवर खोली (२ लाख ८० हजार) आणि जुनी गाडी (३ लाख) घ्यायचा विचार आहे. साडेतीन लाखांची एफडी मोडून उरलेले सोन्यावर काढावेत का?

ताई, एफडी मोडू नका. सोनंही डब्यातच राहू द्या.

तुम्ही खोलीचा भाव काढला, गाडीचा काढला, पण शनिवार-रविवारचा काढलाच नाही. तो मी काढतो. एसटीत महिलांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे आणि पोरगी बारा वर्षांच्या आतली, म्हणजे दोघींचं मिळून एकच तिकीट. जेवणखाण, वह्या, कधी फ्रॉक, कधी तालुक्याच्या बाजारात पाणीपुरी. सढळ हाताने धरलं तरी एका खेपेला दीड हजार. महिन्याला तीन हजार, दिवाळीसकट वर्षाला चाळीस हजार. एका खोलीच्या पैशात सात वर्षं भागतात, आणि सात वर्षांनी ती अठराची होते.

खोलीवरून आठवलं. माझ्या ओळखीच्या एका घराने अशाच पाहुण्या पोरीसाठी माडीवर खोली काढली, गुलाबी रंग दिला. पंधरा-वीस जणींच्या रांगेत झोपायची सवय असलेली पोर, पहिल्याच रात्री चादर घेऊन खाली आली आणि आजीच्या बाजेशेजारी झोपली. त्या खोलीत आता तुरीचे कट्टे आहेत. मी गेलो तो रविवार होता. बारा वाजले नव्हते, तर तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली, वर चपला. निघायचं होतं संध्याकाळी पाचला.

तेव्हा खोलीपेक्षा ठरलेला शनिवार न चुकणं मोठं. बोंड भिजलं, भाव पडला, तरी एसटी पकडायची. म्हणून हे तीन हजार तुमच्या पगारातून काढा, कापसाच्या चुकाऱ्यातून नको. चुकारा आधी पीक कर्जाला गेला पाहिजे. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख सवलतीमुळे व्याज लागत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते.

आता तुमचं ‘आम्ही आहोतच’. पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य हेच आहे, आणि त्याच्यापुढे तुम्ही आकडा लिहिलेला नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन एकच विचारा: मुलगी दत्तकासाठी कायदेशीर मुक्त घोषित झाली आहे का? नसेल तर दत्तक निघत नाही, प्रतिपालकत्व (फॉस्टर केअर, म्हणजे दत्तक न घेता मूल घरी सांभाळणं) निघू शकतं. त्यात मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून महिन्याला ४,००० रुपये मिळतात. ते वेळेवर येतील असं धरून घर चालवू नका. आले की तिच्या शिक्षणासाठी बाजूला टाका. प्रतिपाल्य मुलाला वारसाहक्क नसतो, तिला काही द्यायचं तर मृत्युपत्र करावं लागेल. २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तकाचा मार्ग खुला होतो, पूर्वी पाच वर्षं लागत.

दत्तक घेतलंत तर दरमहा मदत नाही, पण ती पोटच्या मुलासारखीच वारस, वावरातसुद्धा. वयाची अडचण दिसत नाही: आठ वर्षांवरच्या मुलासाठी जोडप्याच्या वयाची बेरीज ११०पर्यंत चालते, तुमची ८५ आहे. सुकन्या समृद्धी मात्र हुकली, ते खातं दहा वर्षांच्या आतच उघडता येतं. दत्तक झाल्यावर तिच्या नावाने पीपीएफ काढा. तोवर तुमच्या नावावर दोन हजारांची वेगळी आरडी. पगार तुमचा, म्हणून टर्म इन्शुरन्सही आधी तुमचा.

एफडी आहे तशी ठेवा. दीड वर्षात मुलाचं ॲडमिशन येतंय.

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये ‘किडसेव्ह’ नावाची संस्था मोठ्या मुलांसाठी असाच शनिवार-रविवारचा उपक्रम चालवते. यजमान घर मुलाची चार लोकांशी ओळख करून देतं. तुमच्या मनात तेच आहे. पण इथे स्टाफरूममधल्या कोणा बाईंना ती आवडली तर परस्पर काही ठरवायचं नाही. त्यांना ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी करायला सांगा. बाहेरची देवघेव गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि तिचा फोटो स्टेटसला नको, कितीही गोड आला तरी.

गाडीचं मुलाची बारावी झाल्यावर बघू.

एक राहिलं. पत्रात मुलाची इयत्ता आहे, होस्टेल आहे, त्याचं मत नाही. उद्या सातबाऱ्यावर त्याच्या शेजारी जिचं नाव लागू शकतं, तिच्याबद्दल त्याला विचारलंत का? पुढच्या पत्रात ते लिहा.