पणजोबा पलटणीत होते एवढंच माहितीये? मग आधी ट्रंक उघडा

ताई, पणजोबांची लष्करी नोंद शोधायला लगेच दिल्ली-लंडनच्या दफ्तरांच्या मागे लागू नका, आधी घरातली पत्र्याची ट्रंक आणि देव्हाऱ्यामागचा डबा बघा. पहिल्या महायुद्धाचं मेडल सापडलं तर त्याची कड भिंगाखाली धरा, तिथे बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. माझ्या पणजोबांचं मेडल आजीने चिंचेने घासून घासून लखलखीत केलेलं, अर्धं नाव गेलं, पण ११० मराठाज एवढं वाचता आलं आणि तिथून धागा लागला, कारण ही पलटण १९१५-१६ ला इराकमधल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकलेली होती. फक्त लक्षात ठेवा, १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले, ११० ची थर्ड बटालियन, फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री झाली, नाहीतर दोन वेगळी माणसं समजून गोंधळ होतो.

युद्धात वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकटात शोधता येतं, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हासुद्धा असतो. पण स्पेलिंग म्हणजे साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं! जाधव, कदम कसेही लिहिलेत, म्हणून आडनाव सोडून गावाच्या नावानेही शोधा.

जिवंत परत आले असतील तर तिथे मिळणार नाहीत, मग पेन्शनचे कागद, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि हो, गावच्या चावडीवर किती माणसं लढाईला गेली त्याची संगमरवरी पाटी आहे का तेही बघून या.