२०२२ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन विश्वासमत जिंकूनही महिनाभरात कसे गेले? आणि ब्रिटनमधले बंडखोर खासदार अपात्र का ठरत नाहीत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पहिलं सोपं जाईल.

अपात्र ठरत नाहीत, कारण तिकडे तसा कायदाच नाही. आपल्याकडे १९८५ साली राज्यघटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला आणि व्हिप (पक्षादेश) मोडला की आमदारकी-खासदारकीवर टाच येऊ लागली. म्हणून आपल्याकडे बंड करायचं तर घाऊक करावं लागतं, दोन तृतीयांशांचा आकडा जमवत बसावं लागतं. ब्रिटनमध्ये व्हिप मोडणं ही पक्षाच्या घरातली बाब. पक्ष फार तर त्या खासदाराला संसदीय पक्षातून बाहेर काढतो. खासदारकी शाबूत, पगार शाबूत.

खुद्द जॉन्सन यांचंच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवरच्या एका मतदानात विरोधात गेले म्हणून त्यांनी आपल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या २१ खासदारांना एका फटक्यात बाहेर काढलं. त्यात १९७० पासून सभागृहात असलेले केनेथ क्लार्क होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. एकाचंही सदस्यत्व गेलं नाही, आणि ऑक्टोबर संपायच्या आत दहा जणांना परतही घेतलं. (त्याच वर्षी आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या ब्रेक्झिट कराराविरुद्ध जॉन्सन यांनी स्वतः दोनदा मत दिलं होतं. तेव्हा त्यांच्या केसालाही धक्का लागला नव्हता.) खासदाराला खरी धास्ती असते ती पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं जाण्याची.

आता एक गैरसमज दूर करायला हवा. हे बंड सरकार पाडण्यासाठी नसतं. नेता बदलायचा असतो, सत्ता सोडायची नसते. १५ जानेवारी २०१९, मंगळवार: मे बाईंचा करार ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला. २३० मतांनी हार, आणि विरोधात गेलेल्यांत त्यांच्याच पक्षाचे ११८ खासदार. लगेच विरोधी पक्षाने सरकारवर अविश्वास ठराव आणला. बुधवारी मतदान झालं आणि मे बाई ३२५ विरुद्ध ३०६ ने तरल्या. आदल्या रात्री पंतप्रधानांचं धोरण गाडणाऱ्या हुजूर खासदारांपैकी एकही त्या दिवशी सरकारविरुद्ध गेला नाही. सभागृहात हरून सरकार पडल्याचं शेवटचं उदाहरण १९७९ चं, पंतप्रधान कॅलहन यांचं, तेही एका मताने.

मग नेता बदलतात कुठे? हुजूर पक्षात '१९२२ समिती' नावाची, मंत्रिपद नसलेल्या खासदारांची समिती आहे. नेता नको असेल तर खासदार तिच्या अध्यक्षाला गुप्त पत्र देतो. त्या काळात १५ टक्के खासदारांची पत्रं आली की पक्षांतर्गत विश्वासमत घ्यावंच लागे. किती पत्रं आली हे फक्त अध्यक्षाला ठाऊक. मे आणि जॉन्सन या दोघांच्या वेळी तिथे सर ग्रॅहम ब्रेडी होते आणि त्यांनी आकडा कधी ओठांवर येऊ दिला नाही. पत्रकार मात्र दिवसभर अंदाज बांधत बसायचे.

जॉन्सन यांच्या वेळी ही वेळ आली ६ जून २०२२ ला. करोनाच्या निर्बंधांत पंतप्रधान निवासात झालेल्या पार्ट्यांचं प्रकरण अंगाशी आलं होतं. मतदान संध्याकाळी सहा ते आठ, संसदेतल्याच एका समिती कक्षात, गुप्त. नऊला निकाल. तिकडचे उन्हाळ्यातले नऊ म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे दीड. मी जागा होतो. बाजूने २११, विरोधात १४८. नियमाप्रमाणे जिंकले, आणि वर वर्षभर पुन्हा असं मतदान नाही ही हमी. पण ३५९ पैकी १४८ म्हणजे ४१ टक्के, मे बाईंना डिसेंबर २०१८ मध्ये झालेल्या विरोधापेक्षा जास्त. अडीच वर्षांपूर्वी ८० च्या बहुमताने पक्षाला सत्तेवर आणणाऱ्या माणसाची ही गत.

इथे आपल्या डोळ्यांना सवय असते ती कोण जिंकलं ते बघायची. तिकडचा जाणकार बघतो विरोधात किती गेले, आणि मंत्र्यांव्यतिरिक्तचे किती गेले. सव्वाशे-दीडशे लोक सरकारी पदांवर असतात. ती मतं नेत्याच्या पदरात पडतातच असं गृहीत धरलं, तर उरलेल्या मागच्या बाकांवर जॉन्सन यांचा साफ पराभव झाला होता.

पुढचा महिना मला राजकारणातला सगळ्यात बोलका महिना वाटतो. २३ जूनला दोन पोटनिवडणुका झाल्या आणि हुजूर पक्ष दोन्ही हरला. टिव्हर्टन आणि होनिटनमध्ये तर २४ हजारांहून जास्त मताधिक्य लिबरल डेमोक्रॅट्सनी पुसून टाकलं. ज्या खासदाराची स्वतःची आघाडी दहा-बारा हजारांची, त्याला त्या रात्री झोप लागली नसणार. माझ्या मते पार्ट्यांनी नव्हे, या आकड्याने जॉन्सन यांना खाली खेचलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पक्षसंघटना सांभाळणारे अध्यक्ष ऑलिव्हर डाउडन यांनी राजीनामा दिला. मग उपप्रतोद ख्रिस पिंचर यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यांच्याविरुद्धच्या जुन्या तक्रारीची पंतप्रधानांना कल्पना होती की नव्हती यावर पंतप्रधान कार्यालयाने दर दिवशी वेगळं सांगितलं.

५ जुलैच्या संध्याकाळी आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी काही मिनिटांच्या अंतराने राजीनामे दिले आणि रांग लागली. सुनक यांच्या जागी अर्थमंत्री झाले नदीम झहावी, आणि दोनच दिवसांत त्यांनी जाहीर पत्र लिहून जॉन्सन यांना जायला सांगितलं. शिक्षणमंत्री म्हणून नेमलेल्या मिशेल डोनेलन ४८ तासही पदावर टिकल्या नाहीत. पन्नासच्या वर राजीनामे आले तेव्हा नव्या नेमणुकांना माणसं मिळेनात. वर्षभराची हमी कागदावर राहिली. ७ जुलैला दुपारी जॉन्सन दाराबाहेर आले आणि जातो म्हणाले.

(आठच दिवस आधी, २९ जूनला, आपल्याकडे उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. एकीकडे सुरत-गुवाहाटी, दुसरीकडे ट्विटरवर टाकलेली राजीनामापत्रं. दोन्ही पक्षांतलीच बंडं, पण लंडनमध्ये एकाही खासदाराला घर सोडून हॉटेलात राहावं लागलं नाही, कारण लपवून राखायचा आकडाच नव्हता.)

जिंकून हरण्याची ही रीत नवी नाही. पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंचं १९९० चं प्रकरण यापेक्षाही विलक्षण. १ नोव्हेंबरला त्यांचे जुने सहकारी जेफ्री हाव यांनी उपपंतप्रधानपद सोडलं. हाव यांचं बोलणं इतकं मिळमिळीत की मजूर पक्षाच्या डेनिस हीली यांनी त्यांच्या टीकेला एकदा मेलेल्या मेंढीच्या हल्ल्याची उपमा दिली होती. त्याच हाव यांनी १३ तारखेला सभागृहात राजीनाम्याचं भाषण केलं. युरोपशी वाटाघाटी करणाऱ्या मंत्र्यांची अवस्था सांगताना म्हणाले, सलामीचे फलंदाज क्रीजवर पाठवायचे आणि पहिले चेंडू पडताच त्यांना कळायचं की सामन्याआधीच आपल्या कर्णधाराने आपल्या बॅटी मोडून ठेवल्या आहेत. आवाज न चढवता. थॅचरबाई त्यांच्या पुढच्या बाकावर बसून ऐकत होत्या.

आठवड्याने थॅचरबाई आणि त्यांना आव्हान देणारे त्यांच्याच पक्षाचे मायकेल हेसेल्टाइन यांच्यात नेतेपदासाठी मतदान झालं: थॅचर २०४, हेसेल्टाइन १५२. स्पष्ट बहुमत. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे एकूण ३७२ खासदारांच्या १५ टक्के, म्हणजे ५६ ची आघाडी हवी होती. मिळाली ५२ ची. चार मतं कमी. बाई परिषदेसाठी पॅरिसमध्ये होत्या, तिथूनच दुसऱ्या फेरीत उतरणार म्हणून सांगितलं. लंडनला परतल्यावर २१ तारखेच्या संध्याकाळी संसदेतल्या आपल्या खोलीत त्यांनी मंत्र्यांना एकेक करून बोलावलं. बहुतेकांनी साधारण एकच पाठ म्हटला: मी तुमच्याच बाजूने आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माघार घेतली. तीन निवडणुका जिंकलेल्या पंतप्रधानाला मतदाराने नव्हे, सहकाऱ्यांनी घरी पाठवलं. बंड करणाऱ्या हेसेल्टाइन यांच्या पदरात मात्र पंतप्रधानपद पडलं नाही, पंतप्रधान झाले जॉन मेजर.

जॉन्सन यांच्यानंतर आलेल्या लिझ ट्रस यांचं फार सांगत नाही. मिनी-बजेट २३ सप्टेंबर २०२२ ला, राजीनाम्याची घोषणा २० ऑक्टोबरला. तिथे बंडाआधी बाजारानेच काम केलं होतं.

मजूर (लेबर) पक्षात हे इतकं सोपं नाही, आणि अनेकजण इथेच गल्लत करतात. तिथे गुप्त पत्रांची सोय नाही. २८ जून २०१६ ला तेव्हाचे पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर त्यांच्या खासदारांनी १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला आणि कॉर्बिन जागचे हलले नाहीत, कारण पक्षाच्या घटनेत त्या मतदानाला किंमतच नव्हती. सप्टेंबरमध्ये सामान्य सदस्यांनी त्यांना जवळपास ६२ टक्के मतांनी पुन्हा निवडून दिलं. पुढे २०२१ मध्ये तर आव्हान देणाऱ्यासाठी २० टक्के खासदारांचा पाठिंबा लागेल असा नियम केला. म्हणजे नुसतं नाराज असून भागत नाही. नाराजांनी आधी एका नावावर एकमत करायचं आणि उघड सह्या करायच्या.

म्हणून तिथले बंडखोर नेत्याऐवजी विधेयकाला धरतात. अपंगांच्या भत्त्यात कपात करणाऱ्या विधेयकाविरुद्ध १२० हून जास्त मजूर खासदारांनी सह्या केल्या होत्या. तेव्हा पंतप्रधान असलेल्या कीर स्टार्मर यांच्यामागे दीडशेच्या वर बहुमत होतं. तरीही १ जुलै २०२५ ला, चर्चा चालू असताना, मतदानाला जेमतेम दीड तास उरला असताना मंत्र्याला उभं राहून विधेयकाचा मुख्य भाग मागे घेतोय असं जाहीर करावं लागलं. एवढं करूनही ४९ जणांनी विरोधात मत दिलं. सरकार ३३५ विरुद्ध २६० ने जिंकलं.