उल्कापाषाणांचा नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, पातळीवर अभ्यास का करतात? साध्या सूक्ष्मदर्शकाने भागत नाही का?

नाही भागत, कारण सगळ्यात मौल्यवान माहिती त्यातून दिसतच नाही. काही उल्कापाषाणांत सूर्य जन्मण्याआधीचे कण अडकलेले असतात. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ पडलेला दगड हे त्याचं उत्तम उदाहरण. त्यातल्या सिलिकॉन कार्बाइडच्या काही कणांचं वय सुमारे ७०० कोटी वर्षांपर्यंत निघालं, असं २०२० मध्ये जाहीर झालं. आपली सूर्यमाला आहे जेमतेम ४५६ कोटी वर्षांची! मला तर हे विज्ञानातलं सर्वांत थक्क करणारं मोजमाप वाटतं.

हे कण मिळवायला दगडाचा चुरा तीव्र आम्लांत विरघळवतात. जे विरघळत नाही त्यात ते सापडतात. बहुतेक कण मायक्रोमीटरभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) किंवा त्याहून लहान, आणि १९८७ मध्ये सापडलेले नॅनोहिरे तर दोन-तीन नॅनोमीटरचेच.

मग नॅनोसिम्स नावाचं यंत्र कणावर आयनांचा अतिशय बारीक झोत सोडतं आणि उडालेले अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतं. खरी ओळख पटते ती इथे. सूर्यमालेत कार्बन-१२ आणि कार्बन-१३ या कार्बनच्या हलक्या आणि किंचित जड अणूंचं प्रमाण साधारण ८९ ला १ असतं. या कणांत ते पार वेगळं निघतं. त्यावरून कण म्हाताऱ्या लाल राक्षसी ताऱ्याभोवती तयार झाला की सुपरनोव्हात, म्हणजे ताऱ्याच्या प्रचंड स्फोटात, हे ठरवता येतं. दुर्बिणीतून ताऱ्याचा फक्त प्रकाश मिळतो. इथे त्या ताऱ्याचा पदार्थच प्रयोगशाळेत हाती येतो.

धूमकेतूच्या धुळीलाही हीच तंत्रं लावतात. स्टारडस्ट यानाने वाइल्ड-२ धूमकेतूची धूळ २००६ मध्ये पृथ्वीवर आणली, तिच्यातही असे सूर्यपूर्व कण थोडेफार सापडले.